शून्याखालची वाट

'क्रम' या शब्दाखाली एक जांभळी टोपी होती. एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढीही नाही, आणि तिच्या उजवीकडे नागमोडी रेघेची शेपटी. शाळेत मराठीच्या बाई अशा खुणेला हंसपद म्हणायच्या — इथे काहीतरी लिहायचं राहून गेलंय, ते वर लिहा — आणि अरफाच्या निबंधात इतकी हंसपदं असायची की बाई म्हणत, अगं, बदकांचा थवा उतरलाय की काय. पण पडद्यावरची ही खूण काही राहिलंय असं सांगत नव्हती. ती बोट दाखवत होती. तिच्या वरची इंग्रजी ओळ सकाळपासून इतक्या वेळा वाचून झाली होती की तिच्यातले शब्द आता नुसते आकार उरले होते : इथला आकडा शून्याच्या खाली असू शकतो, आणि तसं झालं तर प्रोग्राम यादीच्या हद्दीबाहेर जाईल.

असू शकतो… आहे असं नाही, होता असंही नाही. असू शकतो, एवढंच. आणि तेवढ्यावर दिनेश सर सकाळी तिच्या खुर्चीमागे उभे राहून, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून, कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास सोडत म्हणाले होते, "आलं ना शेवटी बाहेर! बहिरूच्याच फाइलमध्ये निघालं ना? मी तेव्हाच म्हणत होतो."

फाइल बहिरूचीच होती. ते सांगायला वर नाव असायची गरज नव्हती. सगळे जण आकड्यांना इंग्रजी नावं देतात. बहिरू रोमन अक्षरांत मराठी नावं द्यायचा. थंडी. दार. क्रम. अश्विन नवीन आला तेव्हा 'थंडी' वाचून हसत सुटला होता, आणि बहिरू मान खाली घालून म्हणाला होता, थंडीच मोजतोय ना आपण, मग? अंबडच्या या कंपनीत दुसरं काय करतात? द्राक्षांच्या शीतगृहांत भिंतीवर बसणारा एक करडा डबा बनवतात. खोलीतल्या आठ ठिकाणची थंडी तो मोजतो, हवी तेवढी झाली की यंत्र बंद करतो, वाढली की चालू करतो. डब्यातलं डोकं अरफाने आणि बहिरूने मिळून लिहिलेलं, समोरासमोरच्या दोन टेबलांवर बसून. आता समोरच्या टेबलावर प्रिंटर आहे. खुर्ची कुणीतरी मीटिंगच्या खोलीत नेली, ती परत आलीच नाही.

मार्चमध्ये विंचूरकडच्या एका शीतगृहात यंत्र थांबायचं ते थांबलंच नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा द्राक्षं गोठलेली. मणी काचेच्या गोट्यांसारखे टणक, आणि ऊन लागताच पाणी-पाणी. डबा काढून इथे आणला, टेबलावर चालवत ठेवला, आणि तो मुकाट्याने, अगदी शहाण्या मुलासारखा चालत राहिला. दोष काही सापडला नाही. मग एप्रिलमध्ये एक मीटिंग झाली. अरफा तेव्हा आवेजच्या, धाकट्या भावाच्या लग्नासाठी मालेगावला होती. ती परत आली तर समोर प्रिंटर.

बहिरूला कुणी काढलं नव्हतं, हे सगळे सांगत. तोच गेला. सर दोन शब्द बोलले, ते कुणाला नाही बोलत? आणि तो उठला, ड्रॉवरमधली पाण्याची बाटली घेतली आणि गेला, पेठकडे, आपल्या गावी. अरफाला एक मेसेजसुद्धा नाही. आणि तिनेही केला नाही, कारण —

कारण लग्नाला जाण्यापूर्वी ती त्याला म्हणाली होती, "येशील का मालेगावला? बिर्याणी खायला तरी ये." सहज म्हणाली होती… सहज म्हणाली होती का? जिन्यात, उतरता उतरता, त्याच्याकडे न बघता. तो "बघतो" म्हणाला होता. आणि मागच्या पायरीवर अश्विन होता, ज्याने नंतर दिवसभर उगीचच शीळ घातली. त्या 'बघतो'चा सूर अरफाने एप्रिलपासून इतक्या वेळा वाजवून पाहिला होता की खरा सूर कोणता होता तेच आता आठवत नव्हतं. तो अवघडला होता का? एका मुसलमान मुलीने, चौतिशी गाठलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आपल्याला घरच्या लग्नाला बोलवावं याचा त्याने काही अर्थ लावला का? सरांचे दोन शब्द निमित्त असतील. खरी पळवाट त्याने माझ्यापासून काढली असेल. असू शकतं.

आणि गंमत अशी की तरीही ती रोज त्याच्याशीच बोलत होती. मनात. ऐक ना बहिरू, वडाळा रस्त्यावरच्या घरमालकिणीने आज पुन्हा विचारलं, तुमच्याकडे कुणी येत-जात नाही का हो? ऐक ना, आज नवा कम्पायलर बसवला. कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं उतरवून देणारा तो अबोल दुभाषी; आणि हा नवा दुभाषी फार हुशार आहे, फक्त उतरवत नाही, प्रत्येक आकडा कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो याचा अंदाज बांधत येतो. आणि त्याने अख्ख्या प्रोग्राममध्ये एकाच ओळीवर बोट ठेवलं. तुझ्या.

"मॅडम, तो इशारा बंद करून टाका ना," अश्विन शेजारून म्हणाला. "एक ओळ टाकली की गप्प बसतो तो. नवीन कम्पायलर असे खूप खोटे ओरडतात."

"खोटा आहे कशावरून?"

"मग खरा असला तर दुरुस्त करा. सरांना तेच तर हवंय."

त्याचं बरोबर होतं. दोन्ही बाजूंनी बरोबर होतं. सरांना संध्याकाळी त्या शीतगृहवाल्यांना कळवायचं होतं : दोष सापडला, सोडून गेलेल्या माणसाच्या कामात होता, दुरुस्त केला. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? बहिरूला कळणारही नव्हतं.

ती कापत बसली. अशा वेळी करायचं एवढंच असतं. प्रोग्रामची एक प्रत घ्यायची, तिच्यातून एकेक तुकडा काढून टाकायचा आणि दर वेळी दुभाष्याला विचारायचं, अजून ओरडतोयस? ओरडतोय. म्हणजे काढलेला तुकडा निर्दोष. पुढचा काढ. दारावरचा दिवा गेला, ओरडतोय. घड्याळ गेलं, ओरडतोय. दोघांनी मिळून वर्षभर उभं केलेलं ते सगळं ती आपल्या हाताने मोडत चालली होती, प्रतच होती ती, तरीही… लहानपणी अब्बांच्या कारखान्यात माग मध्येच थांबायचा. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा तारेचा एक काटा असतो, तो कधी कधी धागा धड असतानाही पडायचा. इतर कारखानदार तो सुतळीने बांधून टाकत. कापडात एखादी भेग गेली तर गेली. कादरमियाँ, तिचे अब्बा, बांधत नसत. दर वेळी वाकून, डोळे बारीक करून, बोटांनी धागा चाचपून बघायचे. त्यात शहाणपण होतं असं नाही, स्वभावच संशयी. त्यांचं कापड सगळ्यांच्या नंतर निघायचं, चाचा हसायचे, आणि अम्मी वैतागून म्हणायची, काटे पे भरोसा नहीं, धागे पे भी नहीं, तो है किसपे? अब्बा सरळ उभे राहत. पुन्हा खटका ओढत.

जेवायला ती गच्चीवर गेली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवर पांढरं पडलं होतं आणि पांडवलेण्यांचा डोंगर धुरकट, अर्धवट पुसल्यासारखा दिसत होता. पूर्वी टाकीच्या सावलीत दोघं बसायचे. बहिरू नागलीची भाकरी आणायचा, थंड झाली की चिवट होणारी, आणि गच्चीचं दार मागे लागू नये म्हणून त्यात वीट सरकवायचा. सरकवून बसायचा, दोन घास खायचा, आणि उठून वीट नीट आहे ना ते पुन्हा बघायचा. "अरे, आत्ताच तर बघितलीस," ती म्हणायची. "आमच्या पाड्यावर दाराला कडीच नाय," तो म्हणायचा. "दार आपोआप लागतं, याचीच मला भीती वाटते."

फोन वाजला. अम्मीचा. मागे माग चालू, खटाखट, खटाखट, आणि त्यावरून ओरडणारी अम्मीची आवडती चौकशी.

"खाना खाई?"

"खा रही हूँ, अम्मी."

"किसके साथ?"

रोज हाच प्रश्न. आणि रोज अरफा डब्याकडे बघत तेच उत्तर द्यायची.

"ऑफिस के लोग हैं ना. सब साथ में बैठे हैं."

"हाँ, साथ में खाने का," अम्मी समाधानाने ओरडली आणि फोन ठेवला. गच्चीवर एक कावळा होता. तोही डब्यात काय आहे ते बघून गेला.

खाली आल्यावर फार काही उरलंच नव्हतं. प्रोग्राम एका तळहातात मावेल एवढा झाला होता आणि तरी दुभाषी ओरडत होता. सेन्सरचा क्रम आणायचा. पडद्यावर त्याचं नाव दाखवायचं. मग त्या क्रमाची थंडी यादीतून वाचायची. बस. आणि नाव दाखवणाऱ्या तुकड्यात एक छोटीशी तपासणी होती — क्रम शून्यापेक्षा कमी असेल तर नावाऐवजी प्रश्नचिन्ह दाखव.

तिने ती तपासणी काढली.

जांभळी टोपी गेली. एकही शब्द नाही. पडदा एकदम रिकामा, सभ्य.

परत घातली. आली.

अरफा खुर्चीत मागे टेकली. क्रम शून्याच्या खाली जाऊच शकत नव्हता. तो ज्या चिपमधून येतो तिथे आठच ठिकाणांची जागा आहे, शून्य ते सात, आणि जादा सगळं छाटून टाकणारी ओळ बहिरूनेच लिहिली होती, पण दुसऱ्या फाइलमध्ये, जिथे दुभाष्याची नजर पोचत नव्हती. त्याला दिसत होती फक्त ही तपासणी. आणि त्याने आपल्या हुशारीने तर्क केला होता : हा माणूस विचारतोय, शून्याखाली आहे का? विचारतोय म्हणजे असत असणार. उगीच कोण विचारेल? मग त्याने तिथून दोन वाटा फोडल्या होत्या, एक शून्याच्या वरची, एक शून्याच्या खालची. जिच्यावर कुणी कधी पाऊल टाकणार नव्हतं त्या खालच्या वाटेने तो एकटाच चालत चालत यादीपर्यंत गेला होता आणि तिथून ओरडला होता, की इथे अपघात होणार आहे.

बहिरूने विचारलं नसतं तर संशय आलाच नसता. एवढंच होतं. जे कधी होणार नाही तेही एकदा बघून घ्यावं म्हणून त्याने वीट सरकवली होती, आणि त्या विटेवरच बोट ठेवलं जात होतं. निष्काळजी माणसाची फाइल स्वच्छ निघाली असती.

तिने छाटणारी ओळ दुभाष्याला दिसेल अशी, याच फाइलमध्ये लिहिली. बहिरूची तपासणी होती तशी ठेवली. चालवलं. शांत. आता शंका उरली नव्हती. इशारा खोटा होता आणि का खोटा होता तेही समोर होतं. मला आनंद व्हायला हवा होता, असं तिला वाटलं. झालाही, पण समोर बघून "सापडलं!" म्हणावं असं कुणी नव्हतं, प्रिंटर होता. ती उठून केबिनकडे गेली.

दिनेश सर केबिनमध्ये उभ्यानेच चहा पीत होते. तिने सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. मार्चपासून त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"म्हणजे दोष तिथे नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"मग कुठे आहे?"

"ते माहीत नाही."

"अरफा, सात महिने झाले. त्या लोकांना काहीतरी कारण हवंय. माहीत नाही हे कारण होत नाही." त्यांनी कप ठेवला. "तू ती तपासणी काढलीस की वॉर्निंग जाते ना? मग काढ. दुरुस्ती केली म्हणून लिहू. खोटं काय आहे त्यात? बहिरू तर इथे नाही. त्याला काय फरक पडतो?"

"त्याच्यावर येईल सर ते."

"नाव नाही घालणार कुणाचं."

"सगळ्यांना कळेल ना पण."

त्यांनी केबिनचं दार लोटलं. आणि मग अगदी मऊ, जवळजवळ वडीलधाऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचं दोघांचं चांगलं होतं, मला माहितीये."

एप्रिलपासून ज्या वाक्याची ती वाट बघत होती, जिन्यात, गच्चीवर, वडाळ्याच्या खोलीतल्या पंख्याखाली, ते हे वाक्य. ते आलं तर काय करायचं याची तिने किती उत्तरं तयार ठेवली होती. कान तेवढे गरम झाले.

"चांगलंच होतं सर," ती म्हणाली. "पण दोष तिथे नाहीये."

"ठीक आहे," सर खिडकीकडे वळले. "तुला पटेल ते लिही. मी वाचतो. मग बघू काय करायचं ते."

तिने लिहिलं. इशारा खोटा आहे. कारण असं असं. या फाइलमुळे यंत्र चालू राहिलेलं नाही. ते कशामुळे राहिलं हे अजून कळलेलं नाही. शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पाठवलं. केबिनच्या काचेआड सरांची मान पडद्याकडे झुकली आणि तशीच राहिली. कुणी बोलावलं नाही. अश्विनने निघताना "येतो मॅडम" म्हटलं, रोजच्यासारखंच, की रोजच्यापेक्षा घाईने?

फाटकाबाहेर येऊन तिने बहिरूचा नंबर लावला. सहज. विचार केला असता तर लावला नसता. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बरं झालं, असं वाटून ती पाथर्डी फाट्याकडे चालायला लागली, आणि फाटा दिसायला लागला तेव्हा फोन वाजला.

"अरफा? तुझा फोन येऊन गेला ना? इथं रेंज नाय. खळ्यावरून टेकाडावर आलो तेव्हा मेसेज दिसला."

आवाज ओळखीचा होता, पण त्यात वारा होता, आणि जाडसर असं काहीतरी, उघड्यावर बोलायची सवय झालेल्या माणसासारखं. ती रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीच्या आडोशाला थांबली. सांगितलं. कम्पायलर, टोपी, तपासणी, दोन वाटा. मनात शंभरदा रंगवून सांगितलं होतं तसं नाही, भराभरा, शब्द गाळत.



"म्हणजे माझ्या फाइलीत नाय?"

"नाही. तू विचारलंस म्हणून त्याला वाटलं."

"नक्की?"

"दोन्हीकडून बघितलं मी."

"मी तर धरूनच चाललो होतो गं," बहिरू म्हणाला. "इथं आईला पण सांगून टाकलं, माझ्या हातनं लोकांचा माल गेला. ती म्हणाली, गेला तर गेला, भात कापायला माणूस हवाच होता." तो किंचित हसला. "मग होतं कशात?"

"ते नाही कळलेलं."

"हं… मग काय उपयोग," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस येईल की नाही याबद्दल बोलावं तसं. "नाय, बरं केलंस सांगितलंस ते."

आता फोन संपेल, असं तिला जाणवलं, आणि ती एकदम बोलून गेली. "बहिरू, मी तुला लग्नाला बोलावलं होतं… त्यामुळे तर नाही ना गेलास तू?"

"कुठलं लग्न?"

एक ट्रक हायवेच्या दिशेने गेला.

"हां हां, तुझ्या भावाचं," बहिरूला आठवलं. "अगं नाय! त्याचा काय संबंध? मी विसरूनच गेलो होतो बघ. सर सगळ्यांसमोर बोलले, मला घेरी आल्यासारखं झालं, निघालो. मग कुणालाच फोन नाय केला. तुला काय वाटलं, तुझ्यामुळं?"

"नाही रे. असंच विचारलं."

खालून कुणीतरी त्याला हाक मारत होतं, बाईचा आवाज, लांबट. पेंढे झाकायचे होते. "ठेवू का?" त्याने विचारलं. "ठेव," ती म्हणाली. "ये कधी इकडं," तो म्हणाला, आणि उत्तराआधीच रेंज गेली, किंवा तो उतरायला लागला.

काहीच संबंध नव्हता. तिने हे वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. सुटका होती त्यात, चांगली भरघोस सुटका, खांदेसुद्धा सैल पडल्यासारखे वाटले. आणि मग ती सुटका ओसरत ओसरत कुठे जातेय तेच कळेना. तो रागावला नव्हता. अवघडला नव्हता. त्याने कसलाच अर्थ लावला नव्हता. तो तिला विसरलाही नव्हता. विसरण्यासाठी आधी जे लागतं तेच तिथे नव्हतं. मग एप्रिलपासून आपण ज्याची समजूत काढत, ज्याला खुलासे देत, ज्याच्याशी भांडत याच रस्त्याने घरी येत होतो, तो कोण होता? टेकाडावर उभं राहून पेंढ्यांकडे लक्ष असलेला तो माणूस नक्कीच नाही. त्या माणसाला घर होतं, हाक मारणारं कुणी होतं.

शेअर रिक्षा समोर येऊन थांबली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून "वडाळा, वडाळा" केलं, तिने नाही म्हणून हात हलवला, रिक्षा गेली. उद्या सर काय म्हणतील? वाचलं असेल आत्तापर्यंत. कदाचित तपासणी काढायला अश्विनला सांगतील, ते तर एका मिनिटाचं काम. कदाचित तिचंही टेबल… ते सगळं उद्या होतं, तिथेच उभं होतं, पण त्याची भीती अजून हाताला लागत नव्हती.

ऐक ना, असं तिने सवयीने मनात म्हटलं.

मनातल्या त्या समोरच्या टेबलावरून कुणी मान वर केली नाही.

ती चालायला लागली. कांद्याची भजी तळल्याचा वास आला, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून बसला होता, दोन बायका हातात हात घालून रस्ता ओलांडताना मोठमोठ्याने हसत होत्या, आणि हे सगळं थेट येऊन तिच्या अंगावर आदळत होतं, मध्ये कुणीच नसल्यासारखं. पाय कुठे चाललेत ते तिने विचारलं नाही.